बायआत्याच्या ३१ वह्या आणि आजीची जपमाळ, काय करू?

कुळागरातली

नमस्कार मंडळी, जरा लांबडं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझी आत्या गेल्या फेब्रुवारीत मुन्स्यारीत वारली. मुन्स्यारी म्हणजे उत्तराखंडात, कुमाऊंमध्ये, पिथौरागढ जिल्हा, समोर पंचाचुलीची पाच शिखरं आणि खाली खोल दरीत गोरीगंगा. गोव्यात फोंड्याजवळच्या कुळागरात (म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत) वाढलेली बाई तिथं ४५ वर्षांवर राहिली. घरात सगळे तिला बाय म्हणायचे म्हणून आमची बायआत्या. लग्न केलं नाही. शाळेत चित्रकला शिकवायची, आणि १९७४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला मैत्रिणीकडं जाते सांगून पणजीच्या बोटीत बसली ती थेट उत्तरकाशीला, नेहरू पर्वतारोहण संस्थेत २८ दिवसांचा बेसिक कोर्स करायला. परत आली तेव्हा नाकाची सालं निघालेली, तोंड काळंठिक्कर, आजीनं विचारलं काय गो, मुंबईत एवढं ऊन? चार वर्षांनी नोकरी सोडली आणि गेली ती गेलीच. पत्रांवर मागं पत्ता असायचा "जिल्हा पिथौरागढ, उ. प्र.", मग २००० साली राज्य वेगळं झालं तरी ती बरीच वर्षं उ. प्र.च लिहीत राहिली.

तिथं काय करायची असं लोक विचारतात आणि मला एका वाक्यात सांगता येत नाही. पोरांना चित्रकला शिकवायची, बायकांकडून लोकर कातायला विणायला शिकली, आणि उन्हाळा लागला की एकटी जोहार खोऱ्यात वर चालत जायची, मर्तोली, बुर्फू, मिलम. १९६२ च्या युद्धानंतर तिबेटचा व्यापार बंद पडला आणि ती गावं रिकामी झाली, तिथल्या पडक्या घरांचे कोरीव लाकडी दरवाजे ती काढायची. दरवर्षी तेच दरवाजे. गेल्या वर्षीपेक्षा किती कुजले ते कळावं म्हणून!

तर एप्रिलमध्ये मी आणि भाऊ जाऊन तिच्या दोन ट्रंका घेऊन आलो. ३१ वह्या, काही सुटी चित्रं, तकल्या, एक आईसॲक्स (बर्फात चढताना लागते ती कुऱ्हाड), आणि आजीची तुळशीची जपमाळ. मोठ्या काकांचं म्हणणं माळ खंडित आहे, तिच्यात १०८ ऐवजी १०० च मणी आहेत, घरात ठेवू नये, मांडवीत सोडून ये. मला जीवावर आलंय. आजी सांगायची बायनं जाताना माळ मागून नेली, पोर देवाधर्माला लागली असं तिला केवढं समाधान होतं.

आणि वह्या पावसाळ्यात खराब व्हायला लागल्यात. कव्हरावर पांढरी बुरशी, आतल्या पानांवर तपकिरी ठिपके. काकी म्हणाल्या लॅमिनेट करून घे. करू का?

अजून एक, प्रत्येक चित्राखाली कोपऱ्यात काहीतरी लिहिलंय ते आम्हाला लागत नाही. "फे. ४", "फे. ७", आणि दुसऱ्या बाजूला "मा. ६, म. ४०" असं. भाऊ म्हणतो फे. म्हणजे फेब्रुवारी पण मग मे महिन्याच्या तारखेखाली फे. ७ कसं?

वर्षश्राद्धाला काकांना पेपरात "प्रथम पुण्यस्मरण" द्यायचंय, १९७१ चा साडीतला फोटो आणि खाली "थोर समाजसेविका". ती समाजसेविका नव्हती हो. बोलावलं तर जायची मदतीला पण ते सगळेच करतात. शिवाय कुजबूज चालूच, की ती तिकडं पीत होती. दर मे महिन्यात पत्रात फेणी मागवायची म्हणून. कसं करावं हे स्मरण? कुणी असं काही केलं असेल तर सांगा.

---

पावसाळी पणजीकर

आधी महत्त्वाचं. लॅमिनेट करू नका. नका म्हणजे नकाच. एकदा प्लास्टिक गरम होऊन कागदाला चिकटलं की कुणाचा बाप काढू शकत नाही, आणि आत दमटपणा कोंडला तर बुरशी आतल्या आत वाढते. मी वडिलांची दोन सर्टिफिकेटं अशीच घालवलीत. सेलोटेपसुद्धा लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो.

बुरशी ओली आहे की सुकी ते बघा. बोट लावून ओशट चिकट लागली तर पुसायला जाऊ नका, आणखी पसरते. वही पंख्याच्या खोलीत (पंखा थेट वहीवर नको) उभी उघडून ठेवा, मधेमधे टीपकागद घाला, दोनतीन दिवसांनी बदला. सुकून पूड झाली की तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशनं बाहेरच्या बाहेर झाडा, व्हरांड्यात, घरात नको. उन्हात ठेवायचा मोह होतो आपल्याला, पापडासारखा, पण जलरंग उन्हानं उडतात. तपकिरी ठिपके गेले नाहीत तर जाऊ द्या, त्यांना ब्लीच वगैरे लावायला जाऊ नका.

कागद खाणारी चंदेरी कसर दिसली तर वही पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, नंतर पिशवी न उघडता एक दिवस बाहेर, म्हणजे पाणी सुटतं ते पिशवीच्या बाहेर सुटतं. ह्यानं किडे मरतात, बुरशी मात्र मरत नाही, नुसती झोपते. आमच्या घरी बांगड्यांच्या बाजूला वही ठेवली म्हणून बायकोनं आठवडाभर बोलणं सोडलं होतं.

मग फोटो किंवा स्कॅन. स्कॅनर असेल तर ४०० डीपीआय, छोटी स्केचेस ६००. नसेल तर मोबाईलवर, खिडकीशी सावलीत, फ्लॅश बंद, आणि पानाबरोबर एक पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. कोपऱ्यातल्या खुणा कापल्या जाणार नाहीत ह्याकडं लक्ष द्या, लोक चित्र क्रॉप करतात आणि नेमकं लिहिलेलं जातं. ३१ वह्या म्हणजे चार महिने धरा. दोन हार्डडिस्कवर ठेवा, दोन वेगळ्या घरांत.

मूळ वह्या कापडात गुंडाळून स्टीलच्या कपाटात, वरच्या खणात, भिंतीला टेकवून नको, सोबत सिलिका जेल, आणि ते गुलाबी झालं की तव्यावर गरम करून परत वापरायचं. डांबरगोळ्या नकोत. पुढं घरात जमणार नसेल तर पणजीला पुराभिलेख खात्यात किंवा पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन एकदा विचारून बघा, पण ते स्कॅन झाल्यावर.

पुण्यस्मरणाचं मला कळत नाही. माळ सोडू नका एवढं मात्र वाटतं.

---

सत्तरीची वाट

अहो थांबा थांबा. तुमची आत्या म्हणजे शिडशिडीत, उजव्या गालावर तीळ, आणि खेचरांना कोकणीत शिव्या घालणारी??

मी १९९६ च्या मे मध्ये मुन्स्यारीला होतो. कॉलेजची सहा पोरं मिलम ग्लेशियरला निघालो होतो, तेव्हा वर जायला इनर लाईन परमिट (सीमेजवळ जायचा सरकारी परवाना) लागायचं आणि साहेब सुट्टीवर म्हणून दोन दिवस बाजारात बसून होतो. मागून आवाज आला, "वच रे फुडें, सायबा, कितें उबो रावला!" (चल रे पुढे, काय उभा राहिलास!) आम्ही गपकन वळलो. एक बाई खेचराला ढकलत होती. मी म्हटलं तुमी गोंयच्यो? तिनं मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "खंयचो तूं?" वाळपई म्हटल्यावर म्हणाली म्हणजे चालता येत असेल, फोंडेकार असतास तर घरी पाठवला असता.

दोन्ही रात्री तिच्याकडं जेवलो. पहिल्यांदा राजमा, वरून जंबूची फोडणी (ती वाळकी पाती असते तिकडची, कांदालसणीच्या वासाची), आणि भांगेच्या बियांची चटणी. आमच्यातला एक चटणी खाल्ल्यावर रात्रभर जागा राहिला, आता काय होतंय बघू म्हणून, काहीच झालं नाही, ती बियांची असते तिनं काही चढत नाही. शेवटी बाईंनी सोलांची कढी दिली, नारळ नाही, पण तुमच्या घरून गेलेली सोलं. त्या थंडीत ते आंबट पाणी काय लागलं म्हणून सांगू.

तर फे. म्हणजे फेणी हो!! डोळ्यांनी बघितलंय. वर पहाटे ब्रशचं पाणी गोठतं, कागदावर रंग लावला की त्याच्या बर्फाच्या सुया होतात. पाण्यात दारू घातली की ते गोठायला बरीच जास्त थंडी लागते. ती रंगाच्या वाटीत ड्रॉपरनं थेंब मोजून घालायची. वर अजून एक फायदा, ओल्या रंगावर नुसता थेंब टाकला की रंग बाजूला पळतो आणि मधे गोल पांढरा डाग उरतो, दगडावरचं दगडफूल ती तसं काढायची. चार थेंब की सात हे खाली लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी त्या जागी किती लागेल त्याचा अंदाज. आम्ही विचारलं व्होडका का नाही, तर म्हणाली वासासाठी, काजूचा वास आला की हात चालतो.

पीत होती का? हो, थोडी. आम्हालाही दिली. रंगात अर्धी, पोटात अर्धी, असं तीच म्हणायची. तुमच्या काकांना कुठलं अर्धं सांगायचं ते तुम्ही ठरवा.

आणि मा. म्हणजे माळा. तिकडं मिलम गावचा पंडित नैनसिंह रावत होऊन गेला, १८६५-६६ मध्ये इंग्रजांच्या सर्व्हेसाठी वेष बदलून ल्हासाला गेलेला, रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं पुढं १८७७ ला त्याला सुवर्णपदक दिलं. तो सारख्या मापाची पावलं टाकत चालायचा आणि मोजायला हातात जपमाळ. पण १०८ मण्यांची नाही, १०० ची. शंभर पावलांना एक मणी, म्हणजे पूर्ण माळेची दहा हजार पावलं. बघणाऱ्याला वाटायचं यात्रेकरू जप करतोय. तुमच्या आत्यानं हे वाचून आईच्या माळेचे आठ मणी काढले होते, मला दाखवली होती ती माळ. म्हणजे तुमचं "मा. ६, म. ४०" म्हणजे सहा माळा आणि ४० मणी, चौसष्ट हजार पावलं. ते चित्र कुठं बसून काढलं त्याचा तो पत्ता आहे! मुन्स्यारीच्या तिच्या दारापासून मोजायची. कुणी तरणा पोरगा असेल तर आजही त्या वहीवरून बरोबर त्या दगडापाशी जाऊन उभा राहील.

खंडित म्हणे. सांगा काकांना.

---

तिखट मिरसांग

मी कौतुकाच्या सुरात सूर मिसळणार नाही, राग मानू नका. धागा वाचून छान वाटलं, सगळं खरं, पण मला एकच विचारायचंय. तुमच्या आजीचं शेवटचं कुणी केलं? कुळागर कुणी बघितलं? अशा प्रत्येक बायआत्याच्या मागं घरात एक कुणीतरी असते जी उत्तरकाशीला गेली नाही. माझ्या घरात ती माझी आई होती. आमचीही एक मावशी अशीच, परदेशात, तिच्यावर गौरव अंक निघाला, आणि आई पाहुण्यांना चहा देत होती. तुम्ही पुण्यस्मरण करा, जरूर करा, फक्त ती फेणी पार्सल कोण करत होतं तेही विचारा घरात.

---

रंगपेटी

+१ मिरसांग.

हॉल वगैरे घेऊ नका, हार घातलेला फोटो आणि माईकवर तेच चार लोक. अंगणात करा. मी दोन वर्षांपूर्वी सरमोलीला राहून आले, मुन्स्यारीच्या बाजूचंच गाव, तिथल्या बायका होमस्टे चालवतात, त्यांच्यातल्या कुणाला तरी तुमची आत्या नक्की ठाऊक असणार. फोन करा, व्हॉइस मेसेज मागवा, हिंदीत कुमाउनीत कसंही बोलू देत, आणि त्या दिवशी तेच लावा. पेपरातल्या जाहिरातीपेक्षा स्वस्त पडेल.

अजून एक बघा. कुमाऊंत उंबरठ्यावर ऐपण काढतात, गेरूनं सारवून वर बिस्वारनं, म्हणजे तांदळाच्या पिठीच्या पाण्यानं, बोटानं रेघा. तांबडं आणि पांढरं. आणि आपल्याकडं जुन्या देवळांच्या घरांच्या भिंतींवर कावी, चुन्यावर तांबड्या मातीचा थर आणि तो खरवडून खालचं पांढरं काढायचं. दोन्हीकडं दोनच रंग. फोंडा भागातली बाई तिथं जाऊन ते उंबरठे बघत बसली नसेल असं होणारच नाही. वह्यांत शोधा, असेल कुठंतरी.

साडीतला फोटो चालेल, पण त्याच्या शेजारी आईसॲक्स ठेवा. काकांना म्हणावं शोभेसाठी.

---

कुळागरातली

सगळ्यांना देव बरें करूं. उशिरा लिहितेय कारण मधे बरंच काही झालं.

सत्तरीची वाट, गालावरचा तीळ बरोबर. तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं तेव्हा ती फोंडेकाराच्या वाक्याला एवढी हसली की ठसका लागला. भावानं लगेच वह्या काढून बेरजा केल्या. सगळ्यांत लांबचं चित्र मा. ११ चं आहे, एक लाख दहा हजार पावलं आणि वर थोडे मणी, तारीख १९८८ ची, फे. ९. खाली फक्त "बोटं गेली" लिहिलंय. बोटं काही गेली नव्हती, दहाही होती, आम्ही लहानपणी मोजायचो.

रंगपेटी, ऐपण सापडलं. १९८१ ची वही. एका पानावर डाव्या अंगाला तिकडचा उंबरठा, उजव्या अंगाला आमच्या जुन्या घराची भिंत, आठवणीतून काढलेली, कावीची वेल आहे आणि तिच्यातला पोपट चुकलाय, तो उलट्या बाजूला बघतो. भिंत २००३ साली पाडली. त्या भिंतीचा आमच्याकडं एकही फोटो नाही, आता हेच.

मिरसांग, तुमचं वाचून पहिल्यांदा राग आला. दोन दिवस उत्तर दिलं नाही. आजीला १९९३ ला पॅरालिसिस झाला आणि १९९९ ला ती गेली, ती सहा वर्षं सगळं आईनं केलं. बायआत्या त्यात दोनदा आली, दोन्ही वेळा वीस दिवस. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली, त्याआधी तिकडून इथं पोचायलाच आठवडा खायचा, हे खरं, पण ते कारण आहे की सबब हे मला ठरवता येत नाही. आईला विचारलं, फेणी कोण पाठवायचं? आई म्हणाली मी, आणखी कोण, तुझ्या बापाला लाज वाटायची. बाटलीभोवती जुन्या साडीचा तुकडा गुंडाळून, सोलांच्या डब्यात खुपसून, ओळखीचा कुणी मुंबईला दिल्लीला निघाला की त्याच्याकडं. बाटली फुटली तर सोलं तरी भिजतील, वाया काही जाणार नाही असा हिशेब. आणि आईला फेणी कशाला लागते ते माहीत होतं! पहिल्या वर्षीच पत्रात कळवलं होतं तिला. मग सांगितलं का नाहीस घरात? तर म्हणते, मला कुणी विचारलं?

मग मी माळेचं विचारलं. आई उठली, पेटी उघडली, तळातून थुलमा काढला. थुलमा म्हणजे तिकडचं जाड केसाळ लोकरीचं पांघरूण, बायआत्यानं स्वतः विणून १९८३ ला आजीसाठी पाठवलेलं. गोव्यात ते कोण पांघरणार, आम्ही हसायचो, पण शेवटची सहा वर्षं आजीच्या पाठीखाली तेच होतं, पाठ सोलू नये म्हणून. आईनं त्याचा एक कोपरा उलटून दाखवला. आत दुमडून शिवलेली छोटी पुरचुंडी, मण्यांची. आजीचा चालता हात बरोबर त्या कोपऱ्यावर असायचा म्हणे आणि ती दिवसभर ते मणी चाचपत पडून राहायची. आम्हाला वाटायचं लोकर उपटतेय.

सात आहेत. आठवा कुठं गेला आईलाही ठाऊक नाही, धुताना पडला असेल म्हणते.

वर्षश्राद्धाला अंगणातच करतोय. आईसॲक्स ठेवणार. थुलमा दोरीवर घालणार, त्याला आधी ऊन दाखवायला हवं, डांबरगोळ्यांचा वास येतोय (पणजीकर, सॉरी). सरमोलीहून चार व्हॉइस मेसेज आलेत, एकात मागं कुत्रं भुंकतंय ते थांबतच नाही, तसंच ठेवलंय. काकांनी जाहिरातीतलं "थोर समाजसेविका" काढायला होकार दिला, त्या जागी काय घालायचं ते आईवर सोडलंय. तिनं पाटीवर लिहून दिलं, "बाय. चित्रं काढायची. चालायची." काका म्हणतात पेपरवाले एवढ्याचेही पूर्ण पैसे घेतात, अजून चार शब्द घाल. ती विचार करतेय.

सत्तरीची वाट, फेब्रुवारीत येताय ना? येताना वाळपईची बाटली आणा, इथल्या बाटलीकडं आई नाक मुरडून बघते.